वाघ्या घेवड्याचा बर्गर

मूठभर वाघ्या घेवडा सुपात घेऊन उन्हात धरला, तर दोन दाणे सारखे सापडत नाहीत. फिकट बदामी-गुलाबी अंगावर तांबडे-काळपट ओरखडे. कुणाच्या पाठीवर चार, कुणाच्या पोटावर एकच, कुणावर नुसते शिंतोडे. या पट्ट्यांवरूनच त्याचं नाव पडलं, वाघ्या. माझ्या माहेरी, कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागात, भाद्रपदात अंगण या दाण्यांनी भरलेलं असायचं आणि आम्ही पोरं त्यातले सगळ्यात देखणे दाणे वेचून चिंचोक्यांसारखे खेळायला घ्यायचो. आजी ओरडायची. खेळून झाल्यावर ते मोजून परत पोत्यात टाकावे लागत, कारण ते पोतं आमचं नसे. ते बाजारात जायचं, तिथून दिल्लीला.

पुण्यात मी माहेर कोरेगाव म्हटलं की लोकांना कोरेगाव पार्क आठवतं, नाहीतर भीमा कोरेगाव. आमचं कोरेगाव साताऱ्याचं. तिळगंगेच्या काठचं, पुणे-मिरज रेल्वेवरचं, आल्याच्या शेतीसाठी ओळखलं जाणारं. तालुक्याच्या उत्तरेला वाठार स्टेशन, देऊर, पिंपोडे बुद्रुक, सोनके, करंजखोप असा जो पट्टा आहे, तिथं पाऊस बेताचा, जमीन मध्यम आणि निचऱ्याची. घेवड्याला हेच मानवतं. त्याला पाणी हवं, पण पायात साचलेलं पाणी तो एक दिवस सोसत नाही. जूनमध्ये पहिल्या चांगल्या पावसावर पेरायचा आणि सत्तर-पंचाहत्तर दिवसांत काढायचा. घेवडा निघाला की त्याच रानात रब्बीची ज्वारी किंवा हरभरा. खरिपातलं इतक्या लवकर हातात पैसे देणारं दुसरं पीक या भागात नव्हतं, म्हणून घेवड्यावर गौरी-गणपतीचा खर्च निघायचा, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा निघायचा.

या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलेलं वर्षही तेच. जम्मूतल्या भदरवाहच्या प्रसिद्ध राजम्याला मानांकन मिळालं २०२३ मध्ये, म्हणजे आपल्यानंतर सात वर्षांनी. तरी राजमा म्हटला की देशाला जम्मूच आठवतं, आणि कोरेगावचा घेवडा उत्तरेच्या ताटात बिननावाचा शिजतो.

या वर्षी गणपतीला माहेरी गेले होते. माझा भाचा सैन्यभरतीची तयारी करतोय. आमच्या जिल्ह्यात हे काही नवीन नाही. सातारा तालुक्यातलं अपशिंगे गाव तर मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखलं जातं. पहाटे पाचला निघालात तर कोणत्याही रस्त्यावर पोरं पळताना दिसतात, सोळाशे मीटरची वेळ मोबाइलवर लावून. हा पोरगा पळून आला, घाम पुसला आणि म्हणाला, "आत्या, प्रोटीनचा डबा घ्यायचाय. बाबांना सांग की." डब्याची किंमत ऐकून त्याची आई गप्प झाली. दोघी बसलो होतो तिथंच भिंतीला घेवड्याचं पोतं टेकवलेलं होतं.

मी त्याला म्हटलं, त्या पोत्यात काय आहे माहीत आहे का? तो म्हणाला, घेवडा. मग जरा वेळानं म्हणाला, "घेवड्याची आमटी रोज कोण खाणार आत्या. बर्गर असता तर खाल्ला असता."

हा लेख त्या वाक्यातून निघाला. त्याचं म्हणणं मी मनावर घेतलं, कारण त्यात खरी अडचण होती. वाढत्या वयाच्या मुलांना कडधान्य नको असतं असं नाही, त्यांना त्याचं तेच ते रूप नको असतं. सातारला मित्रांबरोबर गेला की तो बर्गर खातो. त्या बर्गरच्या आत बटाटा असतो. बटाट्यात प्रथिनं शंभर ग्रॅमला जेमतेम दीड-दोन ग्रॅम. पोट भरतं, पण पळून आलेल्या स्नायूंना जे हवं ते मिळत नाही.

आता आकड्यांकडे जरा नीट बघू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार निरोगी प्रौढाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. पंचावन्न किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम, पासष्ट किलोच्या पुरुषाला ५४. मेहनत करणाऱ्या मुलाला याहून जास्त. त्याच संस्थेनं २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रोटीनच्या पावडरी घेऊ नका, असंही स्पष्ट सांगितलं आहे. कोरड्या घेवड्यात शंभर ग्रॅमला वीस ते बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास, फुटाण्याच्या डाळ्यात वीस-बावीस, ज्वारीच्या पिठात दहा. हे सगळं आमच्या घरात डब्यांमधून होतंच. कुठूनही काही मागवायचं नव्हतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. कडधान्यातलं प्रथिन एकटं पुरतं पडत नाही. त्यात मेथिओनिन नावाचा घटक कमी असतो, आणि ज्वारी-गव्हात लायसिन कमी. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आमटी-भाकरी, वरण-भात, उसळ-पाव ही आपली ताटं या हिशेबात चोख बसतात. बर्गरचंही तेच. वर-खाली गव्हाचा पाव आणि मध्ये घेवडा, म्हणजे जोडी जुळलीच.

शाकाहारी बर्गर तसा फार जुना पदार्थ नाही. लंडनमध्ये ग्रेगरी सॅम्स यानं १९८२ साली व्हेजबर्गर या नावानं एक कोरडं मिश्रण बाजारात आणलं. पाणी घालून कालवायचं, थापायचं, तळायचं. आपल्या भाजणीची आठवण व्हावी असाच तो प्रकार. भारतात मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये आलं आणि त्यांनी आपल्या आवडीचा बटाटा टिक्कीत घातला. त्याच्या तीस वर्षं आधी, १९६६ च्या सुमारास, दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला होता, म्हणजे पावात काहीतरी गरम तिखट कोंबून चालता चालता खाणं मराठी माणसाला कुणी शिकवायला नको होतं. आणि मांसाचा आभास देणारा शाकाहारी पदार्थ म्हणाल, तर पुणे-नगरकडची मासवडी आहेच. बेसनाच्या आवरणात तीळ, खोबरं, लसूण भरून माशाच्या आकाराची वळकटी करणाऱ्या बायकांनी हे काम केव्हाच करून ठेवलंय.

तर आम्ही घेवडा भिजत घातला. दुसऱ्या दिवशी शिजवला, कुस्करला, मीठ-तिखट घालून टिक्क्या थापल्या आणि तव्यावर टाकल्या. पहिली टिक्की उलथनं लावताच फुटली. दुसरी कडेनं सुटली. तिसरीचा तव्यावर लगदाच झाला. वहिनी म्हणाली, "वन्सं, ह्यात पाणी लई हाय. उसळीचा घेवडा वेगळा न् हा वेगळा." तिला भाकरी थापायची सवय, त्यामुळं हाताला ओल लगेच कळते. तिचं बरोबर होतं. शिजलेला घेवडा दुपटीहून जास्त वजनाचा होतो, आणि ते सगळं वाढलेलं वजन पाण्याचं. ते पाणी तव्यावर वाफ होऊन बाहेर पडायला लागलं की टिक्की आतून फुटते.

मग पुढचे चार दिवस आम्ही दोघींनी हेच केलं. जे जमलं ते सांगते. दोनशे ग्रॅम घेवडा, त्यातून आठ टिक्क्या.

घेवडा रात्रभर, किमान आठ तास, भरपूर पाण्यात भिजवायचा. सकाळी ते पाणी ओतून द्यायचं आणि दोनदा धुवायचा. इथं थांबून एक गंभीर गोष्ट सांगायची आहे, कारण मोड आणून कच्चं खायची आपल्याला सवय आहे. मटकीला मोड आणून कोशिंबिरीत घातली तर चालतं. घेवड्याचं तसं नाही. राजमा-घेवड्याच्या कच्च्या दाण्यात एक विषारी लेक्टिन असतं. अर्धवट शिजलेले चार-पाच दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. ते नष्ट होतं ते खळखळ उकळण्यानं. मंद आचेवर, पाणी न उकळता, तासन् तास ठेवलं तर ते जात नाही, उलट त्याचा त्रास वाढतो. म्हणून भिजवलेला घेवडा ताज्या पाण्यात आधी उघड्या भांड्यात दहा मिनिटं खळखळून उकळायचा आणि मगच कुकरला लावायचा. पाच-सहा शिट्ट्या, नंतर बारीक गॅसवर दहा मिनिटं. दाणा बोटांत धरून दाबला की सहज चुरडला पाहिजे, आत टणक कणी लागता कामा नये. आणि याच कारणासाठी कच्च्या घेवड्याचं कोरडं पीठ दळून टिक्कीत घालायचा मोह कितीही झाला तरी घालू नका. तव्यावरच्या पाच मिनिटांत ते पीठ पुरतं शिजत नाही. भाजणीत हरभरा, उडीद घालतो तसा हा घालता येत नाही.

कुकर उघडला की मन जरा खट्टू होतं. पट्टे गेलेले असतात. तो वाघ्या सगळा एका रंगाचा, तांबूस-तपकिरी होऊन बसतो. पण चव जात नाही. कोरेगावच्या घेवड्याची साल पातळ असते आणि आतला गर लोण्यासारखा मऊ, किंचित गोडसर. बाजारात मिळणारा मोठा लाल राजमा शिजला तरी त्याची साल जिभेला लागते. टिक्कीत ती सालच आडवी येते, तिथूनच भेग पडते. वाघ्या यात सरस आहे, हे मी माहेरच्या प्रेमापोटी म्हणत नाही. दोन्ही शेजारी-शेजारी करून पाहिले.

शिजलेला घेवडा चाळणीत निथळायचा. ते पाणी टाकू नये, आमटीला घ्यावं. मग दाणे सुती फडक्यावर पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवायचे. आमच्या सगळ्या फजितीचं उत्तर या अर्ध्या तासात होतं. वरून कोरडे झाले, साल किंचित सुरकुतली, की पावभाजीच्या मॅशरनं किंवा वाटीच्या बुडानं चेचायचे. मिक्सरमध्ये घालू नका. मिक्सरमध्ये त्याची खळ होते आणि टिक्की खाताना पेढा चावल्यासारखं वाटतं. तीन भाग मऊ आणि एक भाग अर्धवट दाणे राहिले की दाताखाली काहीतरी येतं.

यात साठ ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट. पन्नास ग्रॅम फुटाण्याच्या डाळ्याचं पीठ, कारण ते आधीच भाजलेलं असतं आणि पाणी शोषून घेतं. तीस ग्रॅम ज्वारीचं पीठ, तव्यावर खमंग भाजून. दोन चमचे जवसाची पूड चार चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून. जवस भिजला की चिकट होतो आणि अंड्याचं काम करतो. आमच्या सासरी-माहेरी जवसाची चटणी रोजची, पण त्याचा हा उपयोग मला या चार दिवसांत कळला. एक मोठा कांदा बारीक चिरून तेलात चांगला तांबूस परतायचा. कच्चा घातला तर पाणी सोडतो. आलं भरपूर, कोरेगावात राहून आल्याला कंजूषी कशाला. लसूण, कोथिंबीर, ओवा, हिंग, मीठ. आणि कांदा-लसूण मसाला. साताऱ्या-सांगलीकडं याला नुसती चटणी म्हणतात, आणि वर्षाची चटणी केल्याशिवाय घराचा उन्हाळा संपत नाही. भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण, धणे, तीळ, खसखस असं सगळं तिच्यात आधीच असल्यामुळं बर्गरला वेगळा कसलाही मसाला विकत घ्यावा लागत नाही. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याची ती गडद चव आली की टिक्कीला भरदारपणा येतो.

टिक्की बोटाच्या पेराएवढी जाड, पावापेक्षा किंचित मोठी थापायची, कारण भाजताना ती आटते. थापून अर्धा तास फ्रीजमध्ये. मग बिडाचा तवा चांगला तापवून चमचाभर तेलावर ठेवायची आणि हात लावायचा नाही. वहिनीनं दुसऱ्या दिवशी हे पकडलं. आपण सारखं उलथनं घालून बघतो, त्यात टिक्कीची खालची कड मोडते. चार मिनिटं तशीच राहू दिली की खरपूस थर धरतो आणि टिक्की आपण होऊन तवा सोडते. मग उलटायची. दुसरी बाजू तीन मिनिटं.

वर लावायला बाटलीतलं मेयोनेज नको. दही फडक्यात टांगून केलेला चक्का, त्यात लसूण, पुदिना, मीठ. दोन चमचे चक्का म्हणजे आणखी दोन-तीन ग्रॅम प्रथिनं. काकडी, कांदा, टोमॅटोची चकती. पाव बेकरीतला गोल बन, तव्यावर आतून शेकून घेतलेला.

हिशेब मी वहीत मांडला. दोनशे ग्रॅम घेवड्याची चाळीसच्या वर, कुटाची पंधरा, डाळ्याची दहा, ज्वारी आणि जवसाची मिळून सहा. एकूण सत्तरच्या आसपास, आठ टिक्क्यांत भागले तर प्रत्येकी जवळजवळ नऊ ग्रॅम. पावाची चार-पाच आणि चक्क्याची दोन-तीन धरली, की एका बर्गरमध्ये पंधरा-सोळा ग्रॅम. बाईच्या दिवसभराच्या गरजेचा तिसरा हिस्सा. बटाट्याच्या टिक्कीशी तुलनाच नको. सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, चुरून घातल्या तर आकडा आणखी वर जातो, कारण त्यांच्यात निम्म्याहून जास्त प्रथिनंच असतात. आम्ही पन्नास ग्रॅम घालून पाहिल्या. टिक्कीमागे तीन ग्रॅम वाढले. पण घेवड्याची चव मागे पडली, आणि त्यांचा तो वास चटणीनंही झाकला नाही. ज्याला पळायचं आहे त्यानं घालाव्यात. मी घालणार नाही.

पोरानं पहिल्या दिवशी दोन खाल्ले. तिसऱ्या दिवशी तालमीतले दोन मित्र घेऊन आला. पैलवान खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आमच्याच जिल्ह्यातलं. हेलसिंकीच्या १९५२ च्या पदकाची गोष्ट इथल्या तालमीत आजही सांगतात, आणि तालमीचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम हे पोरांच्या डोक्यात पक्कं. त्या खुराकाच्या यादीत घेवडा कधी नव्हता. त्या मित्रांतला एक जण खाऊन झाल्यावर म्हणाला, "काकू, हे आमच्या रानातलंच हाय व्हय?" त्याच्या घरीही घेवडा पिकत असे. आता सोयाबीन पिकतं.

हे फक्त त्याच्या घरचं नाही. गेल्या काही वर्षांत या पट्ट्यातल्या पुष्कळ रानांत घेवड्याची जागा सोयाबीननं घेतली. कारणं शेतकऱ्याला विचारली तर तो बोटांवर मोजून सांगतो. सोयाबीनला सरकारचा हमीभाव आहे. तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर यांना आहे. राजमा-घेवड्याला नाही. भाव व्यापारी ठरवेल तो. काढणी भाद्रपदात, म्हणजे नेमकी परतीच्या पावसाच्या तोंडावर. शेंग वाळत आलेली असताना चार दिवस झड लागली की दाणा डागाळतो, शेंगेतच फुगतो, आणि पट्टे बिघडलेल्या मालाला व्यापारी हात लावत नाही. शिवाय हे कडधान्य असूनही मुळांवर गाठी धरायला आळशी. हवेतलं नत्र तूर-हरभऱ्यासारखं स्वतः बांधत नाही, म्हणून त्याला खत द्यावं लागतं. इतकं करून मालाला कोरेगावचं नाव लागत नाही. पोत्यातून निघाला की तो नुसता राजमा. मानांकनाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा गिऱ्हाईक नावानं मागतं. पुण्या-मुंबईच्या दुकानांत मी गेल्या दोन महिन्यांत विचारत फिरले. भदरवाहचा राजमा, चित्रा राजमा, लाल राजमा मिळाला. वाघ्या घेवडा हे नाव बहुतेक दुकानदारांनी ऐकलेलं नव्हतं.

मला याचं वाईट वाटतं आणि ते लपवायचं कारण नाही. ज्या घरांनी हा दाणा शंभर पावसाळे जपला, त्या घरांतली पोरं प्रथिनांसाठी डब्याकडे बघतात आणि दाणा दिल्लीच्या गाडीत चढतो. आपण खाल्ला नाही तर आपण पेरणार नाही. भाचा परवा फोनवर सांगत होता, त्याच्या आईनं यंदाच्या पोत्यातला दहा किलो घेवडा विकायचा नाही म्हणून बाजूला काढलाय. कडुनिंबाचा पाला घालून, उन्हं देऊन, पत्र्याच्या डब्यात भरून ठेवलाय.

नवा घेवडा आता बाजारात आहे. कोरेगाव, वाठार, पिंपोड्याकडे कुणी ओळखीचं असेल तर दोन किलो मागवून घ्या. नसेल तर आपल्या वाण्याला नावानिशी विचारा, कोरेगावचा वाघ्या घेवडा आहे का. नाही म्हणाला तर पुढच्या महिन्यात परत विचारा. आणि मिळाला की रात्री भिजत घाला, सकाळी पाणी ओतून द्या, आणि दहा मिनिटं खळखळून उकळायला विसरू नका.